रानांत नेण्याची सुरी

रानांत मुक्कामाला निघालेल्या मुलाची पिशवी भरतांना घरांतील वडील माणसें अंथरूण, विजेरी, औषधांची पेटी या साऱ्यांची दोनदोनदां चौकशी करतात. पण सुरीची गोष्ट निघाली म्हणजे एक तर "ती हवी कशाला?" असें म्हणून विषय मोडतात, किंवा स्वयंपाकघरांतली एखादी टाकाऊ सुरी कागदांत गुंडाळून पिशवीच्या तळाशीं कोंबतात. या दोन्ही गोष्टी सारख्याच अनिष्ट आहेत. रानांत सुरी हें हत्यार नव्हे, अवजार आहे. तंबूच्या खुंट्या तासणें, दोरी कापणें, चूल पेटविण्यासाठीं ढलप्या काढणें, भाजी चिरणें, प्रसंगीं जखमेवरील पट्टी कापणें, अशीं दहा कामें तिच्याकडून दिवसभरांत होतात. आणि ज्या वस्तूचें काम रोजचें, तिची निवड डोळसपणें व्हावयास हवी. ती तशी न झाल्यास काय होतें, हें मला चांगलें ठाऊक आहे. म्हणून प्रथम तेंच सांगतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी शाळेंत शिकवीत असतांना दर हिंवाळ्यांत मुलांची एक तुकडी घेऊन सह्याद्रींतील एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशीं चार दिवसांचा मुक्काम करीत असें. एका वर्षीं तुकडीसाठीं सुरी आणण्याचें काम मीं आपणहून पत्करलें. जत्रेंतल्या एका दुकानांत एक सुरी मांडलेली होती. पातें जवळजवळ वीतभर लांब आणि आरशासारखें चकचकीत. पाठीला करवतीचे दांते. मूठ पोकळ, तिच्यांत गळ आणि काड्या ठेवण्याची सोय, आणि तिच्या टोकाला होकायंत्र. मुलांचे डोळे विस्फारले, आणि खरें सांगावयाचें तर माझेहि. मीं ती घेतली.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आठवींतला एक मुलगा चुलीसाठीं बाभळीचें वाळलेलें लांकूड फोडीत होता. पातें लांकडांत अडकलें. तें सोडविण्यासाठीं त्यानें मूठ जराशी पिळली, तोंच पातें मुठींतून निखळलें आणि त्याचा हात सरळ धारेवर गेला. दोन बोटांच्या कंडरा तुटल्या. रात्रीं त्याला गाडींतून तालुक्याच्या गांवीं आणि तेथून शहरांत न्यावें लागलें. शस्त्रक्रिया झाली, बोटें वांचलीं. पण त्याची तर्जनी आजहि पुरती मिटत नाहीं. त्याच्या वडिलांनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. त्यांनीं तो दिला असता तर मला थोडें हलकें वाटलें असतें.

ती मोडकी सुरी घेऊन मी आमच्या गांवच्या वृद्ध लोहाराकडे गेलों. आम्ही सारे त्यांना आबा म्हणत असूं. त्यांनीं मूठ उलटीसुलटी करून पाहिली, आंत बोट घातलें आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही पातं बघितलंत. मुठीच्या आत काय हाय, ते बघितलं न्हाई." मुठीच्या आंत काय होतें? पात्याची जेमतेम दीड इंचाची एक बारीक सळई, आणि तिला आवळून धरणारा एक मळसूत्री खिळा. बाकी सारी पोकळी! आबांच्या त्या वाक्यापासूनच या विषयांतला माझा खरा अभ्यास सुरू झाला. त्यांतील सार आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम प्रश्न असा कीं, मिटणारा चाकू बरा कीं न मिटणारी सुरी? मिटणारा चाकू खिशांत राहतो, फळ कापावयास उत्तम. परंतु त्याचें सारें बळ एका लहानशा कण्यावर आणि खटक्यावर अवलंबून असतें. त्या सांध्यांत चिखल, वाळू किंवा फळाचा रस गेला कीं खटका नीट बसत नाहीं. आणि जोर दिला असतां पातें बोटांवर मिटतें. न मिटणाऱ्या सुरीला सांधाच नाहीं. म्हणून ती धुण्यास सोपी आणि कामास भरंवशाची. मात्र सांधा नसला तरी पातें आणि मूठ यांचा जोड असतोच, आणि सुरीची परीक्षा तेथेंच होते.

पात्याचा जो भाग मुठींत शिरतो त्याला आपण सोयीसाठीं शेपटी म्हणूं. ती तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारांत शेपटी मुठीएवढीच लांब व रुंद असून तिच्या दोन्ही बाजूंना लांकडाच्या किंवा तशाच पदार्थाच्या फळ्या रिव्हेटांनीं पक्क्या केलेल्या असतात. मुठीच्या कडेनें पाहिलें तर मधून पोलादाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. ही सर्वांत मजबूत. दुसऱ्या प्रकारांत शेपटी निमुळती असते; पण ती मुठीच्या आरपार जाऊन शेवटीं ठोकून बसविलेली असते. उत्तर युरोपांतील पुष्कळशा जुन्या सुऱ्या अशाच असून कोरीव कामाला त्या पिढ्यानपिढ्या पुरल्या आहेत. तिसऱ्या प्रकारांत शेपटी मुठीच्या अर्ध्यावर किंवा त्याच्याहि अलीकडे संपते. कारखान्यांत मूठ शेपटीवर चांगली ओतून बसविली असेल तर हलक्या कामाला अशी सुरी चालते. पण तिच्यावर ठोकाठोकी करूं नये. पोकळ मुठीची सुरी मात्र सर्वथा टाळावी.

आतां लांबी. नवख्याला वाटतें कीं, रान मोठें म्हणून सुरीहि मोठी हवी. अनुभव याच्या उलट आहे. अमेरिकेंत जॉर्ज सिअर्स या गृहस्थांनीं 'नेसमक' या टोपणनांवानें १८८४ सालीं रानांतील राहणीवर एक पुस्तक लिहिलें. त्यांच्याजवळ असे ती लहान पातळ सुरी आणि तिच्या जोडीला एक छोटी दुधारी कुऱ्हाड. पुढें १९०६ सालीं होरेस केफार्ट यांनीं याच विषयावर पुस्तक लिहिलें. त्यांनीं पसंत केलेल्या सुरीचें पातें सुमारें साडेचार इंच लांब, एक इंच रुंद आणि पाठीकडे एक अष्टमांश इंच जाड होतें. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, पोलादें बदललीं, तरी जाणत्या मंडळींची माप सांगण्याची रीत फारशी बदललेली नाहीं. चार ते पांच इंच, म्हणजे दहा ते साडेबारा सेंटिमीटर लांबीचें पातें बहुतेक सर्व कामांना पुरतें. याहून लांब पात्याचें टोक हातापासून दूर जाते आणि बारीक काम साधत नाहीं. याहून आखूड पात्यानें जाड लांकूड फुटत नाहीं.

यावर कोणी विचारील कीं, मग फांद्या तोडावयाच्या कशानें? याचें उत्तर आपल्या कोंकणांतल्या शेतकऱ्यानें केव्हांच देऊन ठेविलें आहे. त्याच्या कमरेच्या आकडीला कोयता असतो. कोयत्याचें वजन पुढच्या अंगाला असल्यामुळें घाव आपोआप जोराचा बसतो. परंतु त्याच कोयत्यानें पेन्सिलीला टोक करावयास सांगा, म्हणजे अडचण कळेल. फिनलंडमधील लोकहि जड कामाला कुऱ्हाड आणि नाजूक कामाला 'पुक्को' नांवाची आखूड सुरी वापरीत आले आहेत. 'पू' म्हणजे त्यांच्या भाषेंत लांकूड. लांकूडकामाची म्हणून ती पुक्को, असा त्या नांवाचा संबंध लावतात. तात्पर्य, एकाच सुरीकडून कुऱ्हाडीचेंहि काम घेण्याचा हट्ट धरला म्हणजे ती दोन्ही कामांना निकामी होते.

जाडीविषयीं थोडें बारकाईनें पाहूं. पातें जाड तितकें मजबूत, हें खरें. पण जाड पातें लांकडांत किंवा बटाट्यांत पाचरीसारखें शिरतें, कापीत नाहीं, फाडतें. अडीच मिलिमीटर जाडीचें पातें तासण्यास व स्वयंपाकास फार सुखाचें. सुरीच्या पाठीवर लांकडाचा ठोकळा मारून लहान ओंडके चिरण्याची पद्धत आहे; ती वापरावयाची असेल तर तीन ते चार मिलिमीटर जाडी असावी. पांच-सहा मिलिमीटरांची पातीं दुकानांत पुष्कळ दिसतात. तीं हातांत भारदस्त वाटतात आणि पहिला कांदा चिरतांनाच कंटाळा आणतात. ओंडका चिरतांना त्याची जाडी पात्याच्या लांबीच्या दोन तृतीयांशापेक्षां अधिक नसावी, म्हणजे ठोकण्यासाठीं पात्याचें टोक बाहेर उरतें.

पात्याचा आकार साधा असावा: एका बाजूला धार, दुसरी बाजू सपाट, आणि टोक मुठीच्या मध्यरेषेच्या आसपास. खंजिराप्रमाणें दोन्ही बाजूंना धार असलेलें पातें अंगठा टेकवूं देत नाहीं. आणि तासण्याच्या कामांत पाठीवर अंगठा टेकविणें अत्यंत आवश्यक असतें. पाठीवरील करवतीचे दांते शोभेचे असतात. त्यांनीं लांकूड कापलें जात नाहीं, अंगठा मात्र सोलला जातो. पाठीचा कोपरा गोल न करतां काटकोनी ठेविलेला असल्यास फेरोसेरियमच्या कांडीवर घासून ठिणग्या पाडतां येतात. काड्याची पेटी भिजली असतां ही सोय मोलाची ठरते.

यानंतर धारेचा उतार. स्वीडन देशांत मोरा नांवाचें एक गांव आहे. तेथें सुऱ्या करण्याचा धंदा जुना असून १८९१ सालापासून कारखानदारीच्या पद्धतीनेंहि त्या होऊं लागल्या. लाल रंग दिलेली भूर्ज लांकडाची मूठ आणि साधें पातें हें तेथील सुरीचें परिचित रूप. तिच्या पात्याचा वरचा भाग सरळ जाड असतो आणि खालच्या भागांत दोन्ही बाजूंनीं एकच रुंद, सपाट उतार धारेपर्यंत आलेला असतो. दोन्ही उतार मिळून सुमारें वीस ते पंचवीस अंशांचा कोन होतो. या रचनेचा मोठा लाभ असा कीं, धार लावतांना कोन अदमासानें धरावा लागत नाहीं; तो रुंद उतारच दगडावर टेकवला कीं कोन आपोआप साधतो. म्हणून नवशिक्याला हा प्रकार सर्वांत सोपा. धारेच्या अलीकडे आणखी एक बारीक उतार असलेलीं पातीं गांठी असलेल्या कठीण लांकडांत अधिक टिकतात, पण त्यांना धार लावण्यास हात बसावा लागतो.

आतां पोलादाकडे वळूं. लोखंडांत कार्बन मिसळला कीं पोलाद होतें. सुरीच्या साध्या पोलादांत तो शेंकडा अर्ध्यापासून एक भागापर्यंत असतो. तापवून लाल केलेलें पातें पाण्यांत किंवा तेलांत एकदम बुडविलें म्हणजे तें फार कठीण, पण कांचेसारखें ठिसूळ होतें. मग पुन्हां मंद आंचेवर शेंकून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. यालाच आपले लोहार पाणी देणें म्हणतात, आणि त्यांची खरी विद्या त्यांतच आहे. पुष्कळसे लोहार मालमोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्यांतून कोयते व सुऱ्या घडवितात. तें पोलाद मुळांतच चिवट असल्यामुळें पाणी नीट दिलें असेल तर अशी सुरी महागड्या सुरीच्या तोडीची ठरते. कठीणपणा मोजण्यासाठीं रॉकवेल नांवाची पद्धत आहे. तिच्यांत पोलादावर हिऱ्याचा शंकू दाबून त्याचा ठसा किती खोल उमटतो तें पाहतात. रानांतील सुरीला या पद्धतीचा ५६ ते ६० हा अंक योग्य. त्याखालीं धार लवकर बोथट होते. त्याच्या फार वर गेल्यास धारेचे कपचे उडण्याचा संभव असतो.

गंजणारें पोलाद घ्यावें कीं न गंजणारें, हा वाद नेहमींचा. न गंजणाऱ्या पोलादांत निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतें. त्याचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर धरतो आणि आंतल्या लोखंडाला हवेपासून वांचवितो. शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजूं नयेत म्हणून प्रयोग करीत होते. त्यांतून १९१३ सालीं त्यांच्या हातीं असें पोलाद आलें, आणि त्याच्या सुऱ्याहि लवकरच निघाल्या. साधें कार्बनचें पोलाद थोड्या श्रमांत लखलखीत धार घेतें; परंतु लिंबू, कैरी किंवा चिंच लागली कीं काळें पडतें, आणि पावसाळ्यांत एका रात्रींत त्याला तांबूस गंज चढतो. माझा सल्ला असा: कोंकणांत, समुद्रकांठीं किंवा पावसांत जावयाचें असेल, अथवा सुरी मुलाच्या हातीं द्यावयाची असेल, तर न गंजणारें पोलाद घ्यावें. ज्याला रोज सुरी पुसून तेलाचा हात फिरविण्याची शिस्त आहे त्यानें खुशाल कार्बनचें घ्यावें. मात्र 'न गंजणारें' म्हणजे कधींच न गंजणारें असें समजूं नये. ओल्या म्यानांत महिनाभर राहिलें तर तेंहि डागाळतें.

मुठीची परीक्षा दुकानांतच करावी. चारहि बोटें तिच्यावर नीट बसलीं पाहिजेत. हात ओला करून धरून पाहावी. निसटते असें वाटल्यास तेथेंच ठेवावी. मुठीवर बोटांसाठीं खोल खांचा असतील तर त्या ज्याच्या हातासाठीं पाडल्या त्यालाच बसतात. साधी लंबवर्तुळाकार मूठ सर्वांना चालते. पातें आणि मूठ यांच्यामध्यें बोट पुढें सरकूं न देणारी लहानशी आडकाठी किंवा उंचवटा असावा. मुलांसाठीं तर तो असावाच. यानंतर म्यान. तें चामड्याचें असो वा प्लास्टिकचें, सुरी त्यांत घालून उलटी धरून हलविली असतां पडतां कामा नये. म्यान नसलेली सुरी कितीहि स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

सुरी घेतल्यावर तिची निगा राखणें हा निवडीचाच पुढचा भाग होय. एक जाडसर व एक बारीक असे दोन दगड पुरतात. दगड ओला ठेवून, पात्याचा उतार सपाट टेकवून, दोन्ही बाजूंना सारखे हात मारावे आणि शेवटीं जुन्या चामडी पट्ट्यावर पातें उलट दिशेनें ओढावें. कागदाचा तुकडा हातांत धरून तो न अडखळतां कापला गेला, म्हणजे धार लागली. बोथट सुरीनें कमी कापतें असें लोकांना वाटतें. प्रत्यक्षांत बोथट सुरीला जोर अधिक लावावा लागतो, आणि जोराचा हात घसरला म्हणजे जखम अधिक खोल होते.

वापरण्याचे चार नियम मीं पुढें प्रत्येक तुकडीकडून पाठ करून घेतले. हात पसरून स्वतःभोंवतीं फिरावें. त्या वर्तुळांत कोणी असेल तर सुरी उपसूं नये. घाव नेहमीं अंगापासून दूर जावा. बसून तासतांना मांड्यांच्या मध्यें कधींहि तासूं नये, कारण मांडीच्या आंतल्या बाजूनें मोठी रोहिणी जाते आणि ती तुटल्यास कांहीं मिनिटांत प्राण जाऊं शकतो. कोपर गुडघ्यांवर टेकवून हात पुढें ठेवावे. आणि सुरी दुसऱ्याला देतांना मूठ त्याच्याकडे करावी. त्यानें "घेतली" असें म्हटल्याखेरीज सोडूं नये. एवढें करूनहि कापलें, तर स्वच्छ कापडानें जखम दहा मिनिटें न उचलतां घट्ट दाबून धरावी. बोट वांकत नसेल किंवा बधिर झालें असेल तर जखम लहान दिसली तरी विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.

कायद्याचीहि माहिती असावी. आपल्या देशांतील शस्त्र नियम, २०१६ यांमध्यें नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांची गणना शस्त्रांत केलेली आहे; घरकाम, शेती, शास्त्रीय काम व उद्योग यांसाठीं घडविलेल्या वस्तू त्यांतून वगळल्या आहेत. चार-पांच इंचांची सुरी या मापांत येत नाहीं. तथापि पोलिसांचे बंदीहुकूम जारी असतील तेव्हां लहान सुरी बाळगणेंहि अडचणीचें होतें. म्हणून शहरांतून जातांना ती कमरेला न मिरवितां म्यानासह पिशवींत खोल ठेवावी. विमानांत ती हातांतल्या सामानांत चालत नाहीं. अभयारण्यांत शस्त्र नेण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें परवानगी लागते, आणि राखीव वनांत विस्तव पेटविण्यास १९२७ च्या वन कायद्यानें मनाई आहे. म्हणून मुक्कामाची जागा वनखात्यास विचारून ठरवावी. चुलीचें लांकूड शक्यतों पायथ्याच्या गांवांतून विकत घ्यावें, आणि धार पाहण्यासाठीं उभ्या झाडाच्या सालीवर सुरी चालविण्याची खोड मुलांना पहिल्या दिवशींच मोडावी.

श्रोतेहो, ज्या मुलाची हकीकत मीं आरंभीं सांगितली तो आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. गेल्या वर्षीं तो आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. ती शाळेच्या तुकडीबरोबर डोंगरांत निघाली होती आणि तिला सुरी घ्यावयाची होती. मला वाटलें होतें, हा बाप तिला सुरीला हातहि लावूं देणार नाहीं. आम्ही तिघे दुकानांत गेलों. दुकानदारानें दहा-बारा सुऱ्या पुढें मांडल्या. त्यांतली एक चांगलीच चकचकीत होती. मुलीनें ती बाजूला सारली. एक साधी सुरी उचलून तिनें मुठीची कड डोळ्यांजवळ नेली आणि पोलादाची रेघ शेवटपर्यंत जाते कीं नाहीं तें पाहूं लागली. हें तिला कोणीं शिकविलें, हें मीं विचारलें नाहीं. तिच्या वडिलांची न मिटणारी तर्जनी त्या वेळीं तिच्या खांद्यावर होती.